दहावे द्रव्य

चित्रचौकटीची रचना शिकावयाची असेल तर काही काळ रंगाचा मोह सोडून केवळ कृष्णधवल छायाचित्रे काढावीत, हा छायाचित्रणाच्या अभ्यासातील जुना शिरस्ता आहे. आणि सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंग गावी मी तो पाळू लागलो, तेव्हा तो मला तर्कशास्त्राच्या दारी नेऊन उभा करील अशी कल्पना नव्हती. पहिल्या सकाळी मी कडुनिंबाखाली वाळत घातलेल्या मिरचीच्या राशीचे चित्र काढले. डोळ्यांना जी रास हिरव्या पाल्यासमोर पेटल्यासारखी दिसत होती ती चित्रात त्या पाल्याच्याच करड्या छटेत विरून गेली, कारण तेथील तांबडा आणि हिरवा हे रंग परस्परांहून कितीही भिन्न असले तरी त्यांची उजळता जवळजवळ सारखी भरली. उरली ती राशीशेजारच्या बाजेची सावली: सुंभाच्या प्रत्येक पेडासह जमिनीवर उमटलेली, आणि सबंध चौकटीत वजन असलेली एकमेव गोष्ट.

(एकोणिसाव्या शतकातील काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला दाद देत, तांबड्याला मुळीच नाही, म्हणून त्या काळच्या सुवासिनींचे कुंकू चित्रात काळे उमटले आणि निरभ्र आकाश कोरे राहिले. रंगाची साक्ष यंत्राने कशी नोंदवावी, याचा निवाडा कधीच साधा नव्हता.)

न्याय-वैशेषिकांच्या परिभाषेत रूप म्हणजे रंग. तो केवळ डोळ्याला कळणारा गुण, तर वस्तूचे परिमाण आणि दोन वस्तूंचा संयोग डोळ्याप्रमाणेच स्पर्शालाही कळतात. करडी छटाही रूपच, हे खरे. तथापि रंगांची विविधता हटली की दृष्टी स्पर्शाच्या शेजारी येऊन बसते, आणि भिंतीचा खडबडीतपणा, घागरीचा फुगवटा, काळ्या रानातल्या ढेकळांची धार ही हाताने चाचपावी तशी दिसू लागतात. हे मला समजत होते. समजत नव्हती ती सावली. जिला ना परिमाण, ना स्पर्श, ती चौकटीत खांबासारखी उभी कशी राहते?

या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वी मोठा वाद झाला आहे. वैशेषिकांची द्रव्ये नऊ. भाट्ट मीमांसकांची कैफियत अशी की अंधार हे दहावे द्रव्य मानले पाहिजे: तो काळा दिसतो म्हणजे त्याला गुण आहे, तो सरकतो म्हणजे त्याला क्रिया आहे, आणि गुण व क्रिया द्रव्यावाचून राहत नाहीत. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’वरील आपल्या दीपिकेत ही शंका मांडून तिचे निरसन केले आहे: रंग असलेले द्रव्य पाहावयास डोळ्याला प्रकाश लागतो, अंधार तर प्रकाशावाचूनच दिसतो, तेव्हा तो द्रव्य नसून तेजाचा अभाव आहे. तर्काच्या हद्दीत या उत्तराला तोड नाही असे मी मानतो. परंतु मराठीने ज्या कलेला ‘छायाचित्रण’ म्हटले आणि ग्रीकांच्या भाषेवरून आलेल्या नावाने जिला ‘प्रकाशलेखन’ म्हटले, तिच्या बाबतीत आपली भाषा मीमांसकांच्या बाजूची साक्षीदार ठरते. आणि पुराणांनी तर सूर्यपत्नी संज्ञेच्या जागी राहिलेल्या छायेच्या पोटी शनीला जन्म दिला. अभावाला अपत्य कसे व्हावे?

बरेच दिवस मी असा मीमांसकांच्या पक्षात होतो. मग ध्यानी आले की नैयायिकाचा अभाव म्हणजे शून्य नव्हेच. सात पदार्थांत त्याने अभावाला सातवी जागा दिली आहे आणि दोन अटींवर दिली आहे: तो कशाचा अभाव, आणि तो कोठे, हे सांगितल्यावाचून अभाव सांगितला असे होत नाही. हेच दोन प्रश्न मी प्रत्येक सावलीला विचारू लागलो, कोणत्या प्रकाशाची उणीव, कोणत्या भूमीवर. आणि रचनेचे जे काही मला आले ते एवढ्यानेच आले.

पण वळसंगमध्ये हा विषय येथे थांबत नाही. रंगाला संस्कृतात वर्ण म्हणतात, आणि वर्ण शब्दाचा दुसरा अर्थ या गावाला विसरता येणार नाही, कारण अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या येथील विहिरीचे पाणी 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः प्याले. ज्या मुलखात अंधार हा केवळ अभाव असल्याचे पंडितांनी सिद्ध केले त्याच मुलखात माणसाची सावली विटाळाची वस्तू ठरली. आणि पाणवठ्यांत पाणी भरलेले असताना त्याचा अभाव नेमक्या कोणाच्या घागरीत होता, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी लोपते, गाव सपाट होते, चित्र मिळत नाही. प्राचीन काळी इजिप्तमधील सायनी येथे अशाच क्षणी विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोहोचते या वार्तेवरून एराटोस्थेनीसने पृथ्वीचा परीघ मोजला. त्या दुपारी मी विहिरीवर गेलो. काठाशी वाकलो तेव्हा ऊन सरळ खाली पाण्यावर उतरले होते, आणि त्या उजळ वर्तुळात एकच काळा ठिपका होता, तो माझ्या डोक्याचा. मी मागे सरलो, तो गेला. मग हात लांब करून, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने, ते रिकामे उजळ वर्तुळ तेवढे टिपले.