ऑपरेशन कुणी करायचं?

‘पुरुष काही नसबंदीला तयार होत नाही, आपल्याकडे ते चालायचंच नाही’ हे वाक्य प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मंत्रालयापर्यंत इतक्या खात्रीने उच्चारले जाते, की ते यादवकाळापासून चालत आले असावे असे वाटावे. प्रत्यक्षात त्याचे वय पन्नाशीच्या आसपासच आहे. १९६०च्या दशकात देशात होणाऱ्या नसबंदी शस्त्रक्रियांत पुरुषांच्याच अधिक असत. मुंबईत तर त्यासाठी रेल्वे स्थानकांवर केंद्रे उघडली होती. १९७१च्या जुलैत केरळमधल्या एर्नाकुलमच्या शिबिरात महिन्याभरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतली. हा काही समतेचा सुवर्णकाळ नव्हता. पैशाचे आमिष होते आणि येणारे बहुतेक गरीब होते. पण मर्दानगीचा गंड, अशक्तपणाची धास्ती, चारचौघांतली चेष्टा हे सगळे तेव्हाही होतेच. तरी माणसे येत होती.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८२ लाखांच्या आसपास नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतले सुमारे ६२ लाख पुरुष होते. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक विधिमंडळात संमत करण्याचा पहिला मान आपल्या पुरोगामी महाराष्ट्राने मिळवला. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही, इतकेच. १९७७च्या निवडणुकीत लोकांनी, विशेषतः उत्तरेत, या जुलमाचा हिशेब चुकता केला. पुढच्याच वर्षी पुरुष नसबंदीचा आकडा दोन लाखांच्याही खाली आला.

सरकारने यातून काय धडा घ्यावा? सक्ती करू नये, हा. घेतला तो वेगळाच: पुरुषाच्या वाटेला जाऊ नये. उद्दिष्टे राहिली, कोटे राहिले, शिबिरे राहिली. टेबलावर झोपणारे शरीर तेवढे बदलले. त्याच सुमारास दुर्बिणीचं ऑपरेशन आले आणि दिवसाला कितीही बायका ‘उरकता’ येऊ लागल्या. २०१४च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या तेरा दगावल्या. त्यानंतर सरकार पडले नाही. पुरुषांच्या नसबंदीने एकदा दिल्लीची सत्ता हलवली होती, हे शेजारी ठेवून पाहावे.

आज परिस्थिती अशी, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के भरले आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या जोडप्यांत बाईचे ऑपरेशन झालेले आहे. आणि हे तेव्हा, जेव्हा दोहोंतले सोपे ऑपरेशन पुरुषाचे आहे. तिचे पोट उघडावे लागते किंवा त्यात दुर्बीण घालावी लागते. त्याची बिनटाक्याची शस्त्रक्रिया तेवढ्या जागेची भूल देऊन दहा-पंधरा मिनिटांत होते आणि तो चालत घरी जातो.

घरात मात्र पहिले कारण ठरलेले असते: ‘त्याला कष्टाचं काम आहे.’ हे कारण बीडच्या ऊसतोडीच्या गावात ऐकावे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर असते. ऊस तोडायला तो, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायला ती. पोटाला टाके पडलेल्या बाईने मोळी उचलायची आणि टाका न पडलेल्या पुरुषाला जड काम जमणार नाही, असा हा हिशेब आहे. २०१९मध्ये याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली, तेव्हा आपण हळहळलो. त्याआधी त्यांच्यातल्या कितीजणींनी नसबंदीचे टाकेही सोसले असतील, हे कुणी विचारले नाही.

दुसरे कारण सहसा सासू बोलते, तेही दबक्या आवाजात: ‘उद्या हिचं काही बरंवाईट झालं तर?’ म्हणजे तो पुन्हा लग्न करील आणि तेव्हा त्याला मूल हवे असेल. सून समोर बसलेली असते.

तिसरे कारण सर्वांत अवघड, कारण ते खुद्द बायको सांगते. नवऱ्याचे ऑपरेशन फसले आणि तिला दिवस गेले, तर संशय शस्त्रक्रियेवर नव्हे, तिच्यावर येतो. पुरुष नसबंदी लगेच लागू पडत नाही. सुमारे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची, हा तिचा अर्धा भागच आहे. ती तपासणी राहून गेली, की एका सुटलेल्या चाचणीची किंमत बाईच्या चारित्र्याने मोजली जाते. त्यापेक्षा आपलेच पोट बरे, असे तिने ठरवले तर तिला अडाणी म्हणणाऱ्याने आपले घर तपासावे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला खरा वाटतो. साधन बाईच्याच हातात असले पाहिजे. पोटात वाढणार तिच्या, भरवसा कुणावर ठेवायचा? र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या कामापायी कॉलेजातली नोकरी गमावली. त्यांच्या समोर मुलांच्या ओझ्याने खंगणारी बाई होती आणि तिची सुटका करणे हेच तेव्हाचे काम होते. तांबी, माला-एन, अंतराचे इंजेक्शन ही साधने तिला हवी तेव्हा घेता आणि सोडता आली पाहिजेत, यात वाद नाही. पण दोन मुले झाल्यावरची नसबंदी ही तशी गोष्ट नव्हे. मूल नको, हे दोघांचे ठरलेले असते. दोन बाळंतपणे तिची झालेली असतात. मग तिसऱ्यांदाही तिनेच का, एवढाच प्रश्न उरतो. निम्मे-निम्मे वाटून घेण्याची भाषा मला इथे फसवी वाटते. शरीरांनी वाटा आधीच असमान केला आहे, तेव्हा या टप्प्यावर पाळी त्याची.

त्याला हे सांगणार कोण? आशाताई घरोघरी जाते, पण बोलते बाईशी. परक्या पुरुषापुढे ती हा विषय काढू शकत नाही आणि तिने काढावा अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. उपकेंद्रात पुरुष आरोग्यसेवकाचे पद असते. हे काम त्याच्या गळ्यात घालायला हवे आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीसाठी त्यालाच जबाबदार धरायला हवे. सध्या सरकारचा सारा उत्साह पुरुष नसबंदी पंधरवड्यात मावतो. तो दरवर्षी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. गळीत हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. ऊसतोडीच्या गावांत त्या वेळी म्हातारीकोतारी आणि शाळकरी पोरे मागे असतात. ज्यांच्यासाठी पंधरवडा, ते पुरुष कारखान्यांच्या फडांवर पाचटाच्या कोप्यांत असतात. तारखा ठरवणाऱ्यांनी एकदा कॅलेंडर घेऊन मुकादमाशेजारी बसावे.