भूक शमली तरी देहाचा हक्क उरतोच



जेवणाविषयी जुमाच्या खुतब्यातून आपण बहुधा एकच ताकीद ऐकत आलो आहोत : गच्च पोट भरून खाऊ नका, अन्नाची नासाडी करू नका. ती रास्तच आहे. खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच पवित्र कुरआनने मर्यादा ओलांडण्यास मनाई केली आहे (सूरह अल-आराफ : 31). परंतु आता आपल्या घरांतून असाही एक माणूस दिसू लागला आहे, ज्याला या ताकिदीची गरजच उरलेली नाही. तो दस्तरखानावर बसतो, दोन घास घेतो आणि हात आखडतो. कालपर्यंत आवडणाऱ्या कोरम्याचा वासही त्याला सोसवत नाही. दुपारचे जेवण राहून गेले तरी ते त्याच्या ध्यानात येत नाही. वजन कमी करण्यासाठी भूक मंदावणारे औषध घेणारा हा माणूस आहे. त्याच्या ताटाविषयी इस्लामची शिकवण काय सांगते, याचा विचार आपण येथे करू.

मार्च 2025 मध्ये टिर्झेपेटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने आणि जून 2025 मध्ये सेमाग्लुटाइड हे औषध वजन घटवण्यासाठी ‘वेगोव्ही’ या नावाने भारताच्या बाजारात आले. जेवणानंतर आतड्यांतून जे संप्रेरक स्रवून मेंदूला ‘पुरे झाले’ असा निरोप देते, त्याच्यासारखेच काम ही औषधे करतात. जठरातले अन्न त्यामुळे सावकाश पुढे सरकते आणि खाण्याची ओढ कमी होते. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच होती. त्यामुळे महानगरांपुरता वाटणारा हा विषय यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड येथील घरांनाही परका राहणारा नाही.

उपचार घ्यावा की संयम ठेवावा?

काही जण विचारतात, “खाणे आवरता येत नाही म्हणून सुई टोचून घेणे हा दुबळेपणा नव्हे काय?” हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपण पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांचे उत्तर आठवावे. वाळवंटातील काही लोकांनी त्यांना विचारले होते की आम्ही औषधोपचार करावा काय? त्यांनी होकार दिला आणि सांगितले की वार्धक्य सोडले तर अल्लाहने असा कोणताही आजार ठेवला नाही, ज्यावर उपाय ठेवलेला नाही (अबू दाऊद, तिर्मिजी). मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज, यकृतावरील चरबी यांच्याशी जोडलेला लठ्ठपणा हा आजारच आहे. त्यावर इलाज करणाऱ्याला हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ही औषधे डुकराच्या अवयवांपासून काढलेली असतात, अशी शंका काहींच्या मनात असते. सेमाग्लुटाइड यीस्टच्या साहाय्याने तयार होते, तर टिर्झेपेटाइड रासायनिक पद्धतीने बनवले जाते. शंका उरलीच तर डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांनाही विचारावे.

मात्र लग्न दोन महिन्यांवर आले आहे, म्हणून दुकानातून परस्पर आणलेले इंजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे. सर्वसाधारणपणे ही औषधे बीएमआय 30 च्या वर असलेल्यांसाठी, किंवा 27 च्या वर असून सोबत मधुमेह वा रक्तदाबासारखा विकार असलेल्यांसाठी आहेत आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची आहेत. निरोगी देहावर केवळ दिखाव्यासाठी प्रयोग करणे म्हणजे अमानतीशी खेळणे होय.

हदीसचे विसरलेले अर्धे

पोटासारखे वाईट पात्र माणूस दुसरे भरत नाही, या आशयाची हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि एक तृतीयांश श्वासासाठी, ही वाटणीही सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच हदीसमध्ये या वाटणीच्या आधी आलेली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. माणसाला थोडे घास पुरे आहेत, पण कोणते घास? त्याची पाठ ताठ ठेवतील इतके (तिर्मिजी). येथे खाण्याची वरची मर्यादा सांगितली आहे, तशी खालचीही सांगितली आहे. पाठ वाकू लागली, तर घास कमी पडले असे समजावे.

आजचे वैद्यक नेमकी हीच चिंता व्यक्त करते. या औषधांनी घटणारे सारे वजन चरबीचे नसते. त्याचा काही हिस्सा स्नायूंचाही असतो. पुरेशी प्रथिने पोटात गेली नाहीत आणि शरीराला व्यायाम मिळाला नाही, तर हा तोटा वाढतो. काटा खाली येत असल्याचे पाहून घरचे लोक आनंदतात. आणि त्याच वेळी जिना चढताना त्या माणसाचे पाय थरथरत असतात, नमाजमध्ये सजद्यातून उठताना त्याला हातांचा आधार घ्यावा लागतो. पाठ ताठ ठेवण्याइतके घास त्याच्या पोटात गेलेले नसतात.

हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग येथे मार्गदर्शक ठरतो. पैगंबरांनी (सल्ल.) या दोघांत बंधुभाव जोडून दिला होता. सलमान (रजि.) भेटीला गेले, तेव्हा अबू दरदा (रजि.) यांनी त्यांच्यासमोर जेवण ठेवले, पण स्वतः रोजा असल्याचे सांगितले. तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही, असा सलमान (रजि.) यांनी आग्रह धरला आणि अबू दरदा (रजि.) यांनी आपला नफिल रोजा सोडला. जसा पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तसा तुमच्या स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क द्या, असे सलमान (रजि.) यांनी त्यांना समजावले. पैगंबरांच्या (सल्ल.) कानी ही गोष्ट गेली, तेव्हा सलमान खरे बोलले, अशी ग्वाही त्यांनी दिली (बुखारी).

उपासनेसाठीही देहाचा हक्क बुडवता येत नसेल, तर औषधाने भूक गप्प केली म्हणून तो बुडवता येईल काय? भूक ही त्या हक्काची आठवण करून देणारी हाक आहे. हाक थांबली म्हणून देणे फिटत नाही.

थोडे, पण हक्काचे

यासाठी महागड्या डब्यांतील भुकटीची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात हवे ते सर्व आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 70 किलो वजनाच्या माणसाला साधारण 58 ग्रॅम. वजन उतरत असताना डॉक्टर याहून थोडे अधिकही सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण त्यांनाच ठरवू द्यावे. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम, तर 100 ग्रॅम शिजलेल्या चिकनमधून सुमारे 25 ग्रॅम प्रथिने मिळतात. तुरीचे घट्ट वरण, मुगाचे धिरडे, झुणका, दही, ईसापूर वा बेंबळा धरणाची मासळी ही सारी याच कामाची आहे.

ताटात जागा थोडी असेल, तर पहिला घास प्रथिनांचा घ्यावा. अर्धी भाकरी व भाजी त्यामागून, आणि भात शेवटी. तर्रीदार, तळलेले पदार्थ या औषधांवर मळमळ वाढवतात. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच लहान वाट्या सोसतात. यवतमाळच्या उन्हाळ्यात तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी व ताक घ्यावे, नाहीतर बद्धकोष्ठ आणि चक्कर ठरलेली. काहीच जात नसेल त्या दिवशी तलबीना आठवावा. आजारी आणि शोकाकुल माणसासाठी हजरत आयशा (रजि.) जवाची ही पातळ खीर करायला सांगत, कारण तिने हृदयाला विसावा मिळतो असे त्यांनी पैगंबरांकडून (सल्ल.) ऐकले होते (बुखारी).

घरच्यांचेही यात कर्तव्य आहे. “आमच्यासाठी एक निवाला घ्याच” म्हणत दावतीत बिर्याणीची ताटली पुढे सरकवणे आणि “बरे झाले, कमी खाते” म्हणत सुनेच्या अर्ध्या ताटाकडे दुर्लक्ष करणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. उलट्या थांबत नसतील किंवा पोटात तीव्र कळ येत असेल, तर विलंब न करता डॉक्टर गाठावा. रमजानपूर्वी औषध आणि रोजा यांविषयी त्यांच्याशी बोलून घ्यावे. आजाऱ्याला दिलेली सवलत (सूरह अल-बकरा : 184) ही अल्लाहचीच देणगी आहे.

गप्प झालेली भूक आणि शेजाऱ्याची भूक

आता मूळ प्रश्न. औषधाने आलेला संयम हा संयम आहे काय? खरे सांगायचे तर औषध नफ्सला झोपवते, शिकवत नाही. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे एका मोठ्या अभ्यासात दिसले आहे. म्हणून भूक शांत असण्याचा हा काळ म्हणजे सवय जडवण्याची संधी समजावी. ठरलेल्या वेळी बसणे, बिस्मिल्लाह म्हणणे, सावकाश चावणे, पुरेसे झाले की अल्हम्दुलिल्लाह म्हणून उठणे. भूक ओरडत असते तेव्हा थांबणे ही परीक्षा असते. भूक गप्प असते तेव्हा शुक्र मानून हक्काचे खाणे ही परीक्षा असते. नियत दोन्हीकडे लागतेच.

आणि आपण कोठे राहतो, हेही विसरू नये. हा कापसाचा जिल्हा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी त्याचे नाव देशभर झाले. कोलाम बांधवांचे पाडे येथेच आहेत. एका घरात भूक मारण्यासाठी दरमहा पैसे मोजले जातात आणि जवळच्याच पाड्यावर भूक भागवण्यासाठी मजुरीची वाट पाहिली जाते. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणारा श्रद्धावंत नव्हे, असे पैगंबरांनी (सल्ल.) सांगितले आहे (अल-अदबुल मुफरद) आणि त्या शेजाऱ्याचा धर्म विचारायला सांगितलेले नाही. आपल्या ताटातून जो घास कमी झाला, तो कोणाच्या ताटात गेला, याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याची भूक खऱ्या अर्थाने सार्थकी लागली.

अल्लाह आपल्या आजाऱ्यांना शिफा देवो, आपल्याला हलाल आणि स्वच्छ अन्न देवो, आपली पाठ ताठ ठेवो आणि आपल्या शेजाऱ्याची चूल पेटती ठेवो. आमीन.