रायापूर आले, धारवाड अजून पुढे



शब्बाथशाळेतील मोठी मुले एक प्रश्न हमखास विचारतात. संदेष्ट्यांची भाकिते पूर्ण झाली आहेत, की अजून व्हायची आहेत? झाली म्हणावे, तर युद्धे आणि दुष्काळ का संपले नाहीत? व्हायची म्हणावे, तर ख्रिस्त येऊन काय घडले? शिक्षकाने घाईने एकच बाजू धरली, की मुलाच्या मनात शंका घर करते. शास्त्र मात्र दोन्ही गोष्टी खऱ्या मानते.

हुबळीहून धारवाडास जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर रायापूर लागते. रायापूर आले म्हणजे धारवाड आले असे नव्हे; धारवाडचा प्रवासी तेथे उतरत नाही. परंतु रायापूर आले म्हणजे वाट चुकली नाही, एवढे निश्चित. देवाच्या वचनाची जवळची पूर्तता आणि दूरची पूर्तता यांचे नाते असेच आहे.

यशयाचा सातवा अध्याय पाहा. अराम व इस्राएल यांचे राजे यरुशलेमेवर चालून आले, तेव्हा आहाज राजा भयभीत झाला. त्याला चिन्ह मिळाले ते जन्मणाऱ्या एका बालकाचे. ते जाणते होण्यापूर्वीच या दोन्ही राजांचे देश ओसाड पडणार होते. ते बालक कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण इ. स. पूर्व ७३२ मध्ये दिमिष्क पडले आणि दहा वर्षांनी शोमरोनही पडले. वचन खरे ठरले. तरीही इम्मानुएल या नावाचा अर्थ तेवढ्यात संपला नाही. मत्तयाने तेच वचन बेथलेहेमातील बालकाला लावले. जवळची पूर्तता हा विसार होता. पूर्ण किंमत पुढे ख्रिस्तामध्ये मिळाली.

यिर्मयाच्या काळी हनन्याने लोकांना आवडेल असे भाकीत केले: दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. त्याच वर्षी हनन्या मरण पावला, आणि जू तसेच राहिले. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे सांगितली. बंदिवानांना त्याने पत्र लिहिले, की घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. पुढे कोरेशाने बाबेल घेतले व लोक परतले.

याच यिर्मयाने एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचे वचन सांगितले. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने प्याला हाती घेऊन तो करार आपल्या रक्ताने स्थापिला. परंतु त्या वचनाचा एक भाग असा, की परमेश्वराला ओळखा असे शेजाऱ्याला शिकवण्याची गरजच उरणार नाही, कारण लहानथोर सर्व त्याला ओळखतील. शिक्षकहो, तो दिवस अजून आला नाही. आला असता तर आपला रविवारचा वर्ग बंद झाला असता! करार झाला आहे, म्हणून आपल्यापाशी शिकवण्यासारखे काही आहे. त्याची पूर्णता यायची आहे, म्हणून शिकवणे भाग आहे. आपला वर्ग या दोहोंच्या मध्ये भरतो.

म्हणून कोणी प्रभूच्या येण्याची तारीख सांगू लागला, तर हनन्याची आठवण ठेवावी. अशा तारखांच्या भरीस पडून कोणी मुलांची शाळा सोडवतो, कोणी शेत विकतो. तारीख टळते, आणि त्या घराचा विश्वास डळमळतो. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणास ठाऊक नाही, असे प्रभूने स्वतः सांगितले आहे.

प्रभूची वाट पाहणाऱ्यांनी काय करावे, हे आपल्या पूर्वजांनी दाखविले आहे. बासेल मिशनचे सेवक १८३७ साली धारवाडात आले. त्यांनी शाळा चालविल्या. त्याच मिशनच्या किटेल साहेबांनी वर्षानुवर्षे शब्द जमवून १८९४ साली कन्नड-इंग्रजी कोश पुरा केला. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे दुष्काळातील मुलींना आसरा दिला, आणि आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात वेचली. प्रभू येणार, या विश्वासाने त्यांचे हात थांबले नाहीत. उलट अधिक कामास लागले.

बंधुभगिनींनो, रायापूर मागे पडले आहे. रिकामी कबर हा आपला विसार आहे. वाट बरोबर आहे. मुक्काम पुढे आहे. तोवर पुढच्या रविवारचा धडा नीट तयार करू या.