झाकलेल्या इंजिनाची सचोटी



सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुनी जीप अजून पुरती निवृत्त झालेली नाही. यवतेश्वरचा घाट असो, पाटणकडच्या डोंगरातल्या वाड्या असोत की जत-आटपाडीकडचे माळरान, एखादी जुनी महिंद्रा धुरळा उडवीत जाताना दिसतेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या विलिज जीपचे हे वंशज. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने ती गाडी मुंबईत जुळवायला घेतली आणि पुढे कित्येक दशके तिची भावंडे आपल्याकडे तयार होत राहिली. कुणाकडे पेट्रोलवर चालणारे हरिकेन इंजिन, तर कुणाकडे प्यूजोचे डिझेल इंजिन. वडाप म्हणून याच गाड्यांनी आपल्या लोकांना बाजाराला, शाळेला, दवाखान्याला नेले.

अशा गाडीचे इंजिन कधीतरी थकते. चढाला ओढ राहत नाही, मागून निळा धूर निघतो, ऑइल वरचेवर घालावे लागते. मग मालक मिस्त्रीकडे जातो आणि मिस्त्री म्हणतो, “मालक, इंजिन उतरवायला लागतंय.” या इंजिनकामात नीतिशास्त्राचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. त्यावर आज थोडा विचार करू या.

आधी हे काम काय असते ते पाहू. सिलिंडरमध्ये पिस्टन लाखो वेळा वरखाली होतो. त्यामुळे सिलिंडर झिजतो, पण सगळीकडे सारखा नाही. वरच्या भागात जास्त, खाली कमी. त्याचा गोलपणाही जातो. म्हणून डोळ्यांनी पाहून भागत नाही. गेजने वर, मध्ये, खाली, उभे आणि आडवे मोजावे लागते. झीज जास्त असेल तर सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे किंवा नवे लाइनर बसवायचे. क्रँकचेही तसेच. त्याच्यावर ओरखडे असतील तर तो घासून कमी करायचा आणि त्या मापाच्या बेअरिंग घालायच्या. पहिले माप इंचाच्या दहा हजारांशांचे, म्हणजे पाव मिलिमीटरचे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात जी फट ठेवायची ती साधारण माणसाच्या केसाएवढी. ती कमी पडली तर क्रँक जाम होतो, जास्त झाली तर ऑइलचा दाब राहत नाही.

यात एक काम असे आहे की त्याला सुटा भाग लागत नाही आणि ते बिलातही फारसे दिसत नाही. क्रँकच्या पोटात ऑइल जाण्यासाठी बारीक भोके असतात. क्रँक घासताना दगडाची आणि लोखंडाची पूड त्यांत जाऊन बसते. ती ब्रशने, रॉकेलने, हवेच्या दाबाने पुन्हा पुन्हा साफ करावी लागते. राहिली, तर पहिल्याच दिवशी ऑइलबरोबर निघून नव्या बेअरिंगला खाऊ लागते. या कामाला हवा फक्त वेळ आणि धीर.

मग हेड बसते, चेंबर लागतो, बोल्ट आवळले जातात. इंजिन बंद होते. आणि आता आत काय केले हे मिस्त्रीखेरीज कुणालाच दिसत नाही.

आपल्या भागाला लोखंडाचे काम नवे नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला. तीच आजची किर्लोस्करवाडी. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा जिल्ह्यात आपला कारखाना उभारला. दोन्हीकडे लोखंडी नांगर बनले. लोखंडाने जमीन नासेल अशी भीती सुरुवातीला शेतकऱ्यांना वाटे. पण नांगर ही उघडी वस्तू. शेतकऱ्याने तो शेतात धरला, तास पाहिले आणि स्वतः निवाडा केला. इंजिनाचे तसे नाही. तिथे गिऱ्हाइकाला निवाडा करताच येत नाही, त्याला विश्वासच ठेवावा लागतो. ज्याच्यावर असा विश्वास ठेवला जातो, त्याच्या हाती मोठी सत्ता येते.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात एका अंगठीची गोष्ट आहे. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला, गायजीसच्या पूर्वजाला, ती सापडते. अंगठीचा खडा आत फिरवला की तो अदृश्य होतो. हे कळताच तो राजवाड्यात शिरतो, राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. ही गोष्ट सांगून ग्लॉकॉन सॉक्रेटिसला विचारतो की अशी अंगठी मिळाली तर कोणता माणूस सरळ वागेल? लोक सचोटीने वागतात ते केवळ पकडले जाऊ या भीतीने, नाही का?

बंद इंजिन हीसुद्धा एक अशीच अंगठी आहे. जुन्या बेअरिंग पुसून परत घालता येतात. अंडाकार झालेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून ‘फुल इंजिनकाम’ म्हणून पैसे घेता येतात. दाट ऑइल ओतले की धूर काही दिवस झाकला जातो. गाडी विकायची असेल तर तेवढे दिवस पुरतात.

याला आपण पटकन उत्तर देतो की खोटे काम कधी ना कधी उघडे पडतेच. पुष्कळदा ते खरेही असते. झिजलेल्या सिलिंडरच्या वरच्या टोकाला कंगोरा राहिला असेल तर नवी रिंग त्यावर आपटून तुटू शकते, आणि मग इंजिन स्वतःच बोलते. पण नेहमी असे होत नाही. कधी गाडी तोवर तिसऱ्याच्या हाती गेलेली असते. कधी दोष ड्रायव्हरवर ढकलला जातो. खोटे पचले, असे आपण सर्वांनी पाहिले आहे. शिवाय कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये एक दुकानदार उदाहरणाला घेतला होता. तो लहान मुलालाही रास्त भावाने माल देतो, पण गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. कांट म्हणतो, त्याचे वागणे बरोबर आहे, पण त्यामागे कर्तव्याची जाणीव असेलच असे नाही. उद्या फसवणूक फायद्याची ठरली तर हा दुकानदार काय करील?

म्हणून भीती आणि फायदा यांच्या पलीकडे जावे लागते. मला दोन कारणे महत्त्वाची वाटतात.

पहिले असे की ती झाकलेली जागा रिकामी नसते. तिच्यावर माणसे बसणार असतात. घाटाच्या चढाला रॉड तुटला तर त्या क्षणी गाडीत कोण असेल? एखादी बाळंतीण, शाळेची पोरे, बाजारहून परतणारी म्हातारी. त्यांचा त्या मिस्त्रीशी कधी सौदा झालेला नाही, त्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही. तरी त्यांचा जीव त्याच्या पान्यावर अवलंबून आहे. जो आपल्याला ओळखतही नाही, त्याचेही आपण देणे लागतो.

दुसरे कारण खुद्द कारागिराशी संबंधित आहे. घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो आणि न्यायाने वागता वागता न्यायी होतो, असे अॅरिस्टॉटल सांगतो. याची उलट बाजूही खरी आहे. ‘चालतंय’ म्हणत म्हणत माणूस तसाच घडतो. मोजायची सवय सुटली की बोटांना फट कळेनाशी होते. असा मिस्त्री पुढे गिऱ्हाइकाला फसवतो एवढेच नाही, बरोबर काय हे त्यालाही सांगता येत नाही. लोकांना दिसू नये म्हणून अंगठी फिरवली, आणि शेवटी स्वतःचे कामच स्वतःला दिसेनासे झाले. सदसद्विवेकबुद्धी अशीच बोथट होते, एकेका न मोजलेल्या मापाने.

आता एक अवघड प्रश्न. शेतकऱ्याकडे पैसेच नसतील तर? ऊसबिल अजून आलेले नाही, गाडी तर उद्या हवी आहे. अशा वेळी नुसत्या रिंगा बदलणे हे पाप आहे का? मुळीच नाही. “दादा, सिलिंडर झिजलाय. रिंगांवर थोडे दिवस निघतील, जास्त माणसं भरू नका, घाट टाळा,” असे सांगून केलेले छोटे काम पूर्ण प्रामाणिक आहे. मोठे सांगून छोटे करणे हा अप्रामाणिकपणा. आणि विचारले नाही म्हणून गप्प राहणे? समोरच्याला कळायला दुसरा मार्गच नसेल, तर ते मौनही खोटेच ठरते.

यात गिऱ्हाइकाचीही जबाबदारी आहे. आपण घासाघीस करून मजुरी इतकी खाली आणतो की त्या पैशांत भोके साफ करायला लागणारा वेळ बसतच नाही; वर ‘आजकाल कामे नीट होत नाहीत’ म्हणून तक्रार करतो. ज्या भावात खरे काम होऊच शकत नाही तो भाव आग्रहाने मागणारा त्या खोट्यात भागीदार असतो. तेव्हा इंजिनकाम करून घ्याल तेव्हा काढलेले जुने भाग परत मागा, सिलिंडरची आणि क्रँकची मापे बिलावर लिहून घ्या, आणि मोजायला वेळ लागतो म्हणणाऱ्या मिस्त्रीवर चिडू नका. तो आपल्याच भल्याचे बोलतो आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण मिस्त्री नाहीत. पण प्रत्येकाच्या कामात एक बंद इंजिन असते. प्लास्टरखाली गेलेली वायर, रात्री एकटीने तपासलेले पेपर, सलाइन लावण्याआधी धुतलेले किंवा न धुतलेले हात. या आठवड्यात आपल्या कामातली ती जागा कोणती हे प्रत्येकाने शोधावे. तिथे पाहणारा कुणी नसतो. म्हणूनच तिथे केलेले नीट काम सर्वस्वी आपले असते.

आपला,
धर्मगुरू