सरकती खोली आणि कधीच न मोडणारी कोपी

रीलवर ते फार सुंदर दिसतं. तळ्याकाठी एक लांबट ट्रेलर उभा आहे. आतलं कुणीतरी बटण दाबतं आणि ट्रेलरच्या भिंतीचा एक अख्खा तुकडा सोफा-टेबल-खिडकीसकट हळूहळू बाहेर सरकतो. अरुंद डब्याचा मिनिटभरात ऐसपैस दिवाणखाना होतो. अमेरिकेत याला स्लाइड-आउट म्हणतात. आपण सरकती खोली म्हणू.

ही खोली जन्माला आली त्याचं कारण रस्ता आहे. तिकडच्या मोठ्या महामार्गांवर गाडीची रुंदी १०२ इंचांपर्यंत चालते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती २.६ मीटर आहे. म्हणजे जवळपास तेवढीच. माणसाला घर मोठं हवं असतं, रस्ता मात्र त्याहून जास्त जागा देत नाही. मग चालताना अंग चोरायचं आणि थांबल्यावर पसरायचं, अशी ही युक्ती.

पण ही युक्ती भरवशाची आहे का? ज्यांच्याकडे असे ट्रेलर आहेत, त्यांच्यात हा कायमचा वादाचा विषय असतो. खोली सरकवायला मोटर लागते, दातेरी चाकं किंवा तारा किंवा हायड्रॉलिक नळ्या लागतात. बॅटरी उतरली की मोटर कण्हते. दोन बाजूंच्या दोन मोटरी एका चालीनं चालल्या नाहीत की खोली तिरकी होऊन अडकते. भोवतीचं रबर उन्हानं कडक होतं, मग पावसाचं पाणी आत झिरपतं आणि जमिनीचा प्लायवूड कोपऱ्यापासून कुजायला लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे खोली अर्धी बाहेर, अर्धी आत असताना अडकणं. तेव्हा ना धड राहता येतं, ना गाडी रस्त्यावर काढता येते. म्हणून बहुतेक ट्रेलरांत हातानं फिरवायचं हँडल किंवा तशीच काही सोय ठेवलेली असते. मोटर गेली तर माणसानं जोर लावायचा.

यामागचं गणित सोपं आहे. एक भाग शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा नीट चालतो असं धरू. एकमेकांवर अवलंबून असलेले असे दहा भाग जोडले, तर सगळं मिळून शंभरातल्या साधारण नव्वद वेळाच नीट चालेल. वीस जोडले तर ब्याऐंशी वेळा. हलणारे भाग वाढले की भरवसा घटतो. यावरून एक लोकप्रिय उपदेशही निघतो : साधं राहा, कमी ठेवा, म्हणजे मोडायला काही उरणारच नाही.

मी गंगापूरचा आहे, आणि या उपदेशाशी माझं भांडण इथूनच सुरू होतं. कारण चाकावरचं घर आम्ही रीलच्या कितीतरी आधी पाहिलेलं आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगापूर फाट्यावर उभं राहा. कायगाव टोक्याकडून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागं जोडलेल्या ट्रॉल्या दिसतील. त्यात पत्र्याच्या पेट्या, धान्याची पोती, भांडी, चूल, कोयते, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसं आणि पोरं. ऊसतोडीच्या टोळ्या. मराठवाड्यातून त्या पश्चिम महाराष्ट्राकडे, काही पार कर्नाटकात जातात. जायकवाडीच्या पाण्यावर आमच्याकडेही ऊस झाला, तसा इथल्या फडांतही बाहेरच्या टोळ्यांनी मुक्काम टाकला. ट्रॉली हा त्यांचा ट्रेलर आणि मुक्कामी उभी राहणारी कोपी हे त्यांचं घर.

कोपीला मोटर नाही. बांबू किंवा कामट्या वाकवून जमिनीत रोवायच्या, वरून चटई किंवा ताडपत्री टाकायची, कडेनं पाचट लावायचं, सुतळीनं आवळायचं. मधोमध कसंबसं उभं राहता येतं. सरकती खोली कोपीलाही असते : बाईला अंघोळ करायची तर बाजूला दोन काठ्यांना जुनी साडी आडवी बांधतात. जास्तीची जागा हवी असणं ही काही श्रीमंतांचीच हौस नाही.

आता वरचं गणित कोपीला लावून पाहू. दातेरी चाक नाही, रबर नाही, बॅटरी नाही. कागदावर ही जगातली सगळ्यात भरवशाची घरं ठरतील. मोडण्यासारखं काही नाहीच.

प्रत्यक्षात अवकाळी पाऊस आला की ताडपत्री उडते. पाणी खालून शिरतं. धान्याचं पोतं उचलून ट्रॉलीत ठेवायचं, लेकराला कडेवर घ्यायचं, ओल्या सुतळीच्या गाठी अंधारात पुन्हा मारायच्या, आणि पहाटे फडात हजर व्हायचं. उशीर चालत नाही. उचल घेतलेली असते आणि खाडा झाला तर तो हिशेबात धरला जातो. कोपी सकाळी पुन्हा उभी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही.

म्हणजे कोपीतही हलणारे भाग आहेत. ते दोन हात आहेत, बहुतेक वेळा बाईचे. ट्रेलरमध्ये मोटर फसल्यावर कधीतरी वापरायचं हँडल असतं. कोपीत मोटर नाहीच, म्हणून हँडल रोज फिरतं. भरवसा वस्तूतून निघून माणसाच्या अंगात जाऊन बसलाय, आणि अंगाची झीज कुठल्या गणितात येत नाही. ऊसतोडीच्या भाषेत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. किती माणसं आली असं कुणी विचारत नाही, किती कोयते आले असं विचारतात. भाषेनं त्यांची गणना आधीच अवजारात करून टाकलेली आहे.

इथं मला अ‍ॅनेट बायर या तत्त्वचिंतक बाईंचा एक भेद उपयोगी वाटतो. १९८६ मध्ये विश्वासावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी म्हटलं, की एखाद्यावर विसंबणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. घड्याळावर आपण विसंबतो. ते बंद पडलं तर अडचण होते, पण त्यानं आपला घात केला असं आपण म्हणत नाही. विश्वास मात्र मोडू शकतो, कारण त्यात समोरच्यानं आपली काळजी वाहावी ही अपेक्षा असते.

सरकती खोली अडकल्यावर मालक नुसता त्रासत नाही, चिडतो. त्याला वॉरंटी दिलेली असते, पावती असते, तक्रार कुणाकडे करायची ते माहीत असतं. खोली मोडली तेव्हा एक वचनही मोडलेलं असतं. कोपी कोसळते तेव्हा कुठलंच वचन मोडत नाही, कारण दिलेलंच नसतं. तक्रार नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून बिघाड नाही. ज्याला काहीच कबूल केलेलं नाही, त्याची फसवणूकही होऊ शकत नाही! हा भरवसा नव्हे. ही फक्त शांतता आहे.

कायदाही याच वळणानं गेला. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये झालेल्या कायद्यानं कामगारांना योग्य निवारा देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली. पण त्यासाठी राज्याची सीमा ओलांडायला हवी होती. गंगापूरहून सांगलीला गेलेल्या जोडप्याला तो लागू नव्हता. त्याच पावसात भिजणारं घर, पण वचन सीमेपलीकडच्यालाच, आणि तेही कागदावर. उलट २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा कॅराव्हॅन जिथं थांबतील तिथं पाणी, वीज, रस्ते अशा मूलभूत सोयी हव्यात हे आठवणीनं लिहिलं. धोरणात काही गैर नाही. चाकावरच्या घराला थांबल्यावर काय लागतं, हे सरकारला नीट कळतं एवढं त्यावरून सिद्ध होतं.

यावर कुणी म्हणेल, ट्रेलरवाल्याची हौस आणि टोळीची गरज एका तागडीत कशी टाकता? बरोबर आहे, त्या एक नाहीतच. पण ‘भरवशाचं काय’ हा प्रश्न आपण दोन्हीकडे सारख्याच शब्दांत विचारतो, आणि उत्तर देताना एकीकडे वस्तू तपासतो, दुसरीकडे माणसाची सोशिकता. ‘त्यांना सवय असते’ हे वाक्य ऐकलं की समजावं, आपण माणसाला सुटा भाग म्हणून मोजायला लागलो.

म्हणून साधेपणाचं कौतुक करताना मी एकच गोष्ट विचारायला शिकतोय : इथं हँडल कोण फिरवतंय? दहा मिनिटांत दारात येणारं पार्सल, कधीच न चुकणारा घरचा डबा, सणाला सगळ्यांना पुरणारं घर. हे सगळं बिनबोभाट चालतं. जे बिनबोभाट चालतं, त्यात एक तर यंत्र उत्तम असतं, नाहीतर कुणीतरी न बोलता जोर लावत असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक जाणून घ्यायचा तर विचारावं लागतं.

सरकती खोली मोडते हा तिचा दोष खराच. पण ती मोडली हे चारचौघांत सांगता येतं, दुरुस्तीचा खर्च कुणाचा यावर भांडता येतं. मला कोपीच्या वाट्याला आधी ते भांडण यायला हवंय. मुकादमाशी करार लेखी असो की तोंडी, उचल किती हे त्यात पक्कं असतं. त्याच करारात एक ओळ छपराची असावी : पाऊस आला तर ताडपत्री कुणाची, आणि त्या दिवसाचा खाडा कुणाच्या नावावर. ती ओळ पाळली जाईलच असं नाही. पण मग ती मोडली, असं तरी म्हणता येईल.