दोन सुलट, दोन मासे

माणसाला एक तरी छंद असावा, असं वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. दोन असावेत, असं कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मला दोन आहेत: विणकाम आणि मासे. पहिला आईकडून आला. दुसरा वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची बदली झाली तेव्हा जिना उतरून आला.

आला तेव्हा दीड फुटाचा होता. म्हणजे टाकी दीड फुटाची, आत सहा गप्पी. आता गप्पी मासा म्हणजे कुटुंबनियोजन खात्याचा जाहीर पराभव! मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, साधारण महिन्या-महिन्याच्या अंतराने. एकदा नराची गाठ पडली की पुढे कित्येक महिने त्याच्यावाचून तिचं काही अडत नाही. दीड फुटाची टाकी अडीच फुटांची झाली. मग नर-माद्या वेगळे ठेवायला शेजारी आणखी एक आली. माझी लोकरीची टोपली टीपॉयवरून पलंगाखाली गेली. “विभक्त कुटुंबपद्धतीला जागा फार लागते,” एवढंच आमचे हे म्हणाले.

पण प्रश्न जागेचा नाही. जागा मध्यमवर्गीयाला कधी नव्हतीच, त्यामुळे गेल्याचं दुःखही नाही. प्रश्न आहे रविवारचा. रविवारी सकाळचे दोन तास काय ते माझे. एकीकडे नाशिकच्या भाचीला डिसेंबरात बाळ होणार, त्याचा स्वेटर. दुसरीकडे टाक्यांचं पाणी. आधी कुणाचं देणं फेडायचं?

विणकामासारखा क्षमाशील उद्योग नाही. अर्ध्या ओळीत उठा, महिन्याने या. दोन सुलट दोन उलट जिथल्या तिथे तुमची वाट पाहत असतात. टाका गळला तर क्रोशाच्या सुईने वर आणता येतो. सगळंच फसलं तर उसवा, लोकर धुवा, वाळवा, गुंडाळा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आयुष्यात इतकी सवलत आणखी कुठे मिळते, सांगा!

टाकीत उसवायची सोय नाही. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विषारी. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात जे जीवाणू वसतात, ते त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही विषच) आणि मग नायट्रेट, जे पुष्कळ सौम्य. नव्या टाकीत या मंडळींचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे जातात. एवढं करून साचलेलं नायट्रेट बाहेर काढायला शेवटी मी आणि बादली. आठवड्याला पाव टाकी पाणी. ‘आज जरा बरं नाही हं’ असं अमोनियाला सांगता येत नाही.

“अगं, पण माणूस आधी की मासा?” हे ताई दर रविवारी फोनवर विचारते. ताई म्हणजे बाळाची होणारी आजी. “माशांना काय कळतंय?”

मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. बाळाला तक्रार करायला आजी आहे आणि आजीला फोन आहे. माशाला आवाज नाही. नदीतल्या माशाला घाण पाण्यातून दुसरीकडे जाता येतं. माझ्या माशाची ती वाट मी काचेनं बंद केली आहे, आणि तीही स्वतःच्या डोळ्यांना गार वाटावं म्हणून. इटलीतल्या मोन्झा गावानं २००४ साली गोल काचपात्रात मासे ठेवायला बंदी घातली. त्यातून माशाला जग वाकडंतिकडं दिसतं, असं कारण दिलं होतं. वाचून मी मनापासून हसले. मग टाकीकडे पाहिलं, तर ते सगळे काचेला नाक लावून माझ्याकडेच पाहत होते. ज्याला आपण कोंडलं, त्याचं देणं पहिलं. माणूस मोठा की मासा, हा हिशेब त्यानंतरचा.

मात्र ताईचंही एक खरं. लोकर थांबते, बाळ थांबत नाही. चार महिने उशीर झाला तर तो स्वेटर बाहुलीला होतो. आईच्या ट्रंकेत सुईवर चढवलेली अर्धी बाही सापडली होती. टाके सगळे जागेवर होते. लोकर थांबली होती, आई थांबली नव्हती. थांबू शकणाऱ्या वस्तूंमागे बहुधा न थांबणारं माणूस उभं असतं, आणि त्या वस्तूंच्या शांतपणामुळे ते दिसत नाही.

तेव्हा मी दोन नियम केले आहेत. पहिला, तिसरी टाकी नाही. दोन तासांत ज्यांचं देणं फिटतं, तेवढेच आश्रित ठेवायचे; पुढची पिल्लं मागेल त्या जाणत्या घरी. कुणाला किती जीव लावता येतो, याचं माप घरात नसून रविवारात असतं. दुसरा नियम, नळीतून पाणी बादलीत उतरत असताना स्टुलावर बसून विणायचं. एक डोळा बादलीवर, एक सुईवर. एका बादलीत दोन ओळी होतात.

स्वेटर एक माप मोठा घेतला आहे. ताईला म्हटलं, “थोडं मी विणते, थोडं बाळाला वाढू दे.”