अनुभवाचे बक्षीसपत्र

मनुष्याच्या मालकीच्या बहुतेक वस्तू त्याला दुसऱ्याच्या नावे करून देता येतात. घर असो, जिराईत असो की बागाईत असो, कायद्याने त्याची रीत पूर्वीच घालून दिली आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावराचे बक्षीसपत्र करावयाचे तर दस्त नोंदलेला असावा, त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीतच त्या दानाचा स्वीकार केलेला असावा, म्हणजे मालकी एका हातातून दुसऱ्या हातात बिनबोभाट जाते. परंतु जी गोष्ट आपल्याला घरादारापेक्षाही अधिक आपली वाटते, आणि जी जिवलग मित्राला द्यावी अशी ओढ सर्वांत अधिक लागते, त्या अनुभवाच्या बाबतीत मात्र हे सारे दप्तर निरुपयोगी ठरते. ज्या प्रसंगाने आपले अंतःकरण हलले तो प्रसंग जसाच्या तसा मित्राच्या अंतःकरणात नेऊन ठेवता येतो काय, आणि येत नसेल तर ‘हे तू पाहिलेच पाहिजेस’ असा आग्रह धरताना आपण त्याला नेमके काय देऊ करीत असतो, हा प्रश्न फार जुना आहे. तो येथे एका नव्या निमित्ताने, म्हणजे व्हिडिओ गेमच्या निमित्ताने, मांडावयाचा आहे.

निमित्त क्षुल्लक वाटेल. व्हिडिओ गेम म्हटले की गोळीबार, मोटारींच्या शर्यती आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या हातून हिसकावून घेतलेला मोबाइल, एवढेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि या कलाप्रकारात असे काही आहे की जे नाटकात नाही, कादंबरीत नाही आणि चित्रपटातही नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक असे की, रंगभूमीवरचे सुखदुःख ‘माझे’ किंवा ‘त्या अमक्याचे’ अशा हद्दीत बांधून घातले तर रसप्रतीती होत नाही. ती हद्द पुसली जावी, दुःख कोणा एकाच्या खाती जमा राहू नये, तेव्हाच ते आस्वाद्य होते. आणि म्हणूनच एका रांगेत बसलेले दोन मित्र एकाच प्रवेशाला एकाच वेळी गहिवरू शकतात. व्हिडिओ गेम नेमकी हीच पुसलेली हद्द पुन्हा आखून देतो. पडद्यावरचा मुलगा माझ्या अंगठ्याने चालतो, मी थांबलो की थांबतो, आणि मी पुढे गेल्यावाचून त्याच्यावर कोसळणारे संकटही कोसळत नाही. कर्तृत्व माझे म्हटल्यावर त्यातून उपजणारा शोकही माझाच होतो. मग शेजारी बसून नुसते पाहणाऱ्या मित्राच्या वाट्याला काय उरते?

2013 साली स्वीडनमधील स्टारब्रीझ स्टुडिओजने ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ नावाचा गेम काढला. त्याचे दिग्दर्शक जोसेफ फारेस हे जन्माने बैरूतचे. लेबनॉनमधील यादवी युद्धाच्या काळात लहानपणीच कुटुंबाबरोबर स्वीडनला आलेले, आणि गेमच्या धंद्यात पडण्यापूर्वी चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेले. गेमची कथा एखाद्या लोककथेइतकी साधी आहे. बाप आजारी पडतो, आणि जीवनवृक्षाचे पाणी आणावयाला दोन भाऊ घराबाहेर पडतात. त्यांची भाषा कल्पित आहे, कोणत्याही देशाच्या माणसाला ती समजत नाही, त्यामुळे बोलण्याचा सारा भार स्वरांवर आणि हावभावांवर पडतो. खरी करामत आहे ती कंट्रोलरवर. डावी स्टिक आणि डावा ट्रिगर थोरल्या भावाचा, उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर धाकट्याचा; म्हणजे एकाच माणसाचे दोन हात हे दोन भाऊ. आरंभी फार गोंधळ उडतो, भाऊ एकमेकांवर आदळतात, थोरला धाकट्याच्या जागी आला की खेळणाऱ्याचा मेंदू उलटसुलट होतो. परंतु थोड्याच वेळात ही विद्या बुद्धीतून उतरून हातांत भिनते, आणि थोरला म्हणजे आपला डावा हात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याची गरज राहत नाही.

धाकट्याच्या देखत आई पाण्यात बुडालेली असते. त्यामुळे तो पाण्याला भितो, आणि जेथे पोहून जावे लागते तेथे थोरल्याच्या पाठीला घट्ट धरून जातो. पुढे थोरला भाऊ मरतो. धाकटा त्याला पुरतो आणि औषधाचे पाणी घेऊन एकटाच परततो. घर दृष्टीच्या टप्प्यात येते, पण वाटेत पाणी आडवे येते. उजवा हात हवे ते करून पाहतो, मुलगा पाण्यापाशी जाऊन मागे सरतो. भाऊ गेल्यापासून खेळणाऱ्याचा डावा हात निकामी होऊन पडलेला असतो. तो डावा ट्रिगर, म्हणजे मेलेल्या भावाचा ट्रिगर, दाबला की थोरल्याचा आवाज ऐकू येतो आणि धाकटा पाण्यात उतरतो.

हे सारे वाचकाला आता ठाऊक झाले. कथा कळली, शेवट कळला, डाव्या हाताचे मर्मही कळले. आणि तरीसुद्धा, माझा तर्क असा की, वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलेले नाही. कथनाने वार्ता पोचते, अनुभव पोचत नाही. इतकेच नव्हे, तर वार्ता आधी पोचली म्हणजे अनुभवाची वाट बहुधा बंद होते. जो मित्र उमाळ्याने सगळे सांगून टाकतो, तो जे द्यावयाला निघाला होता तेच नकळत काढून घेतो.

व्यासांना हे पुरते ठाऊक होते. युद्धाच्या आरंभी त्यांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली, तेव्हा स्वजनांचा संहार डोळ्यांनी पाहावयाची आपली इच्छा नाही, आपण तो ऐकू, असे म्हणून त्याने ती नाकारली. मग दिव्यदृष्टी मिळाली ती संजयाला. विश्वरूपदर्शनाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे, कारण एका सख्याने दुसऱ्या सख्याला आपल्याजवळचे सर्वांत मोठे दर्शन घडविण्याचा तो प्रसंग आहे. अर्जुनाला कृष्णाने स्वतः डोळे दिले, आणि ते रूप पाहून अर्जुन इतका थरारला की आजवर ‘अरे सख्या’ म्हणून केलेल्या सलगीची त्याने क्षमा मागितली आणि नेहमीचे ओळखीचे रूप परत दाखव म्हणून विनवणी केली. संजयाने तेच दुरून पाहिले. शेवटी ते रूप पुन्हापुन्हा आठवून त्याला हर्ष होतो आणि तो संवाद आठवून अंगावर रोमांच उभे राहतात, असे तो आपल्या तोंडानेच सांगतो. आणि धृतराष्ट्राने ते ऐकले. सातशे श्लोकांच्या गीतेत त्याच्या तोंडी एकच श्लोक आहे, तोही पहिलाच. एवढे सारे कानांवर पडल्यावर गीता संपेपर्यंत तो दुसरा शब्द उच्चारत नाही. करणारा, पाहणारा आणि ऐकणारा अशा तीन पायऱ्या येथे स्वच्छ दिसतात, आणि पाहणारा अगदीच रिकाम्या हाताने परतत नाही, याचीही ग्वाही मिळते.

ही ग्वाही कितपत खरी, हे मला एका जुन्या मित्राच्या संगतीत पाहावयाला मिळाले. तो माझा कॉलेजपासूनचा स्नेही. गेम वगैरेंशी त्याचा फारसा परिचय नाही, पण मी शब्द टाकला म्हणून तो एका संध्याकाळी आला, कंट्रोलर हातात घेतला आणि “आधीच काही सांगू नकोस” एवढे बजावून खेळावयाला बसला. मी शेजारी बसलो होतो खरा, पण माझे लक्ष पडद्यापेक्षा त्याच्या मुद्रेकडे अधिक होते. पाण्याचा प्रसंग येईल, याचा डावा हात थबकेल, मग ट्रिगर ओढील आणि मला जे झाले तेच याला होईल, अशा हिशेबाने मी तो प्रसंग मनात आधीच लावून ठेवला होता. पाण्याच्या पुष्कळ अलीकडे भावाला पुरण्याचा प्रसंग येतो. गेम तो आपोआप दाखवून मोकळा होत नाही. थोरल्याचा देह खड्ड्यापर्यंत ओढीत न्यावा लागतो, आणि मग बाजूचे मातीचे ढीग एकेक करून आत लोटावे लागतात, तेही खेळणाऱ्याच्याच हाताने. माझ्या वेळी मी ते काम मुकाट्याने उरकून पुढे गेलो होतो. माझ्या मित्राने देह खड्ड्यात ठेवला, मातीच्या ढिगापाशी मुलाला आणले आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. पडद्यावर धाकटा तसाच उभा राहिला. “हेही मीच करायचं का?” त्याने माझ्याकडे न बघता विचारले. मी “हो” म्हणालो. बऱ्याच वेळाने त्याने कंट्रोलर उचलला आणि माती लोटली. पुढे पाणी आले तेव्हा त्याने क्षणभर विचार करून डावा ट्रिगर ओढला, मुलगा पोहू लागला, आणि मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो येऊन गेला. मित्राच्या मुद्रेवर विशेष काही दिसले नाही.

माझा क्षण आणि त्याचा क्षण निराळा ठरला, आणि तो निराळा का ठरला हे मी त्याला विचारले नाही. विचारण्याचा मोह मात्र झाला, आणि त्या मोहाचे स्वरूप तपासून पाहण्यासारखे आहे. प्रथम अनुभवाची नवलाई देणाऱ्याजवळ उरलेली नसते, ती एकदाच मिळते. म्हणून आपण मित्राला जे ‘देतो’ त्यात, त्याच्या डोळ्यांनी आपल्यालाच ती पुन्हा मिळावी, असा एक छुपा स्वार्थ असतो, आणि ती मिळाली की नाही याची पावती आपण त्याच्या चेहऱ्यावर शोधीत असतो. अभिनवगुप्तांच्या विघ्नांच्या यादीत आपल्याच सुखादिकांत गुरफटून जाणे हेही एक विघ्न आहे, आणि मित्राला आनंद द्यावयाला बसलेला मनुष्य त्या विघ्नाचा हमखास बळी असतो. निष्काम कर्माचा उपदेश आपण नोकरीधंद्याला लावतो, देवधर्मालाही लावतो. आवडीची वस्तू मित्रापुढे ठेवताना तो सर्वांत अधिक लागू पडतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग अनुभवाची सरळ वाटणीच करावी, असे कोणी म्हणेल. 2024 मध्ये या गेमची नवी आवृत्ती निघाली, तीत दोघांनी मिळून खेळण्याची सोय केलेली आहे. एकाने थोरला घ्यावा, दुसऱ्याने धाकटा. अशा खेळात गंमत असेल, नाही असे नाही. परंतु ज्याने थोरल्याला आपल्या हातात कधी धरलेच नाही, त्याचा डावा हात रिकामा कसा व्हावा? तो रितेपणा एकाच देहात उत्पन्न होतो आणि एकाच देहाला कळतो. दोघांत त्याची वाटणी केली तर प्रत्येकाच्या पदरात अर्धा अनुभव पडत नाही, दुसराच कुठलातरी पडतो. कर्तृत्वाची फाळणी करून सहानुभव साधत नाही, हे यावरून दिसते.

मुंडकोपनिषदात एका झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. परंपरेने त्यांना जीव आणि ईश्वर मानले आहे, आणि तो अर्थ मोडून काढण्याचा माझा अधिकार नाही; परंतु त्या मंत्राने दोघांनाही एकमेकांचे सखे म्हटले आहे, इकडे मात्र आपण पुरेसे लक्ष देत नाही. न खाणारा पक्षी अलिप्त असेल, पण तो त्या झाडावरून उडून गेलेला नाही. आणि एकाच्या मुखातले फळ दुसऱ्याच्या मुखात जात नाही म्हणून त्यांचे सख्य कमी होत नाही. कृष्णानेही तेच केले. शस्त्र हाती धरणार नाही असे वचन देऊन तो अर्जुनाच्या रथावर बसला. बाण अर्जुनानेच सोडावयाचे होते, आप्तांच्या वधाचा शोकही अर्जुनालाच भोगावयाचा होता, आणि हे सगळे मीच करावयाचे काय, हा त्याचा प्रश्न टाळून चालणार नव्हता. पुढे ज्ञानदेवांनी अठराव्या अध्यायात सारा उपदेश संपल्यावर कृष्णाकडून अर्जुनाला आलिंगन देवविले. मूळ गीतेत ते नाही. इतके सांगून झाल्यावरही सांगण्याच्या पलीकडचे काही राहून गेले आहे, आणि ते वाणीने देता येण्याजोगे नाही, हे जाणूनच त्या महाकवीने ही भर घातली असावी.

तेव्हा मूळ प्रश्नाचा निकाल माझ्या मते असा लागतो. अनुभवाचे हस्तांतर होत नाही; त्याच्या दस्तावर देणारा म्हणून कोणालाच सही करता येत नाही. मित्राला देता येते ती त्या अनुभवाकडे जाणारी वाट, आणि त्या वाटेवर तो असताना आपण शेजारी आहोत ही खात्री. माझ्या मित्राने माती लोटली ती स्वतःच्याच हाताने, पण लोटण्यापूर्वी त्याला कोणालातरी विचारता आले, आणि उत्तर द्यावयाला कोणीतरी जागेवर होते. पाहणाऱ्याचा हक्क एवढाच असतो, आणि तो दिसतो तितका लहान नाही.

धर्माच्या क्षेत्रात तर हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याला घडलेल्या दर्शनाचे रसभरित वर्णन करून समोरच्याकडून त्याची कबुली वसूल करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे श्रोते धृतराष्ट्रासारखे ऐकून स्वस्थ बसतात, यात नवल नाही. ‘हेही मीच करायचे का?’ असे विचारणाऱ्याला ‘होय’ म्हणून स्वच्छ सांगणारा, आणि सांगितल्यावर उठून न जाणारा मनुष्य मात्र विरळा. त्याला मित्र म्हणावे की गुरू म्हणावे, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. अर्जुनाने एकाच पुरुषाला दोन्ही म्हटले होते.